निळ्या काठाचा कप

“मग यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा, अक्का.”

श्रीरंगनं चित्र खोपीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वर जुनं धोतर टाकलेलं. महिनाभर त्यानं ते कुणाला दाखवलं नव्हतं.

गयाक्का चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“अजून बगितलंच न्हाई. कमी हाय असं म्या कवा म्हनलं?”

“सकाळपासून इथं ठेवलंय. पुरं आहे असंही म्हणाला नाहीत.”

“चा तर हुं दे…”

मी कोपऱ्यात दुसऱ्या चुलीवर चिंचोक्याची खळ ढवळत होते. खळ ढवळताना हात थांबला की गुठळ्या होतात, त्यामुळे जागेवरून न हलता सगळं ऐकायला मला आयतं निमित्त होतं.

गयाक्का ही नावाड्याची बायको. नदीवर पूल झाला, नाव बंद पडली, पुढं नावाडीही गेला. नाव काठावर उलटी पडून कुजायला लागली आणि तिच्या फळ्या एकेक सुटायला लागल्या. सुटेल ती फळी उचलून गयाक्का तिच्यावर चित्र करायची. एकही फळी तिनं कधी उपटून काढली नाही.

चित्र म्हणजे रंगाचं असं नव्हे. नदी काठावर जे टाकते ते घ्यायचं. गंजका पत्रा, फुटक्या बांगड्या, चपलेचा पट्टा, दांडा नसलेला चमचा. चिकटवायला खळ, आणि खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. रंग घरचेच. दिव्याची काजळी, गेरू, हळदीत चुना घालून केलेला लाल, हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे बुडवून ठेवून केलेला काळा. पोकळ जागा भरायला कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ. एवढ्यावर ती जे करायची, ते बघायला लांबून माणसं यायची आणि काही शिकायला राहायची.

शिकवताना ती फारसं बोलत नसे. नियम एकच सांगायची.

“धड हाय त्ये मोडायचं न्हाई.”

मोडलेलं, टाकलेलं, वाहून आलेलं काहीही घ्या. पण चित्रासाठी म्हणून काही मोडायचं नाही.

आणि चित्र पुरं झालं असं तिला वाटलं, की ती गेरूत अंगठा बुडवून फळीच्या पाठीवर उठवायची. त्या अंगठ्याशिवाय खोपीतून फळी बाहेर जात नसे. मला पहिला अंगठा चौथ्या फळीला मिळाला, तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. निवृत्त शिक्षिकेला हे शोभत नाही, असं आमच्या सूनबाई म्हणाल्या. म्हणेनात का!

श्रीरंगला तीन वर्षांत एकही अंगठा मिळाला नव्हता.

हा पुण्याच्या कलाशाळेतून सुवर्णपदक घेऊन आलेला. हात असा, की मला हेवा वाटायचा. गंजक्या पत्र्यातून तो संध्याकाळ काढायचा. पण त्याला स्वतःचं फार कौतुक होतं, ते चालण्यातसुद्धा दिसायचं. अकरा फळ्या झाल्या. प्रत्येक वेळी गयाक्का हात फिरवायची, ‘झ्याक’ म्हणायची आणि अंगठा पदरात पुसायची.

ही बारावी. मुंबईच्या एका चित्रदालनाची माणसं दुपारी जीप घेऊन येणार होती. अंगठा असला तर फळी घेऊन जाणार. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि तिथं श्रीरंगनंही उभं राहायचं होतं. त्यासाठी त्यानं नवा झब्बा इस्त्री करून खुंटीला लावला होता.

“या वेळी नाही म्हणालात, तर मी परत यायचा नाही, अक्का,” तो सकाळीच म्हणाला होता.

“जाताना जेवून जा,” गयाक्का म्हणाली होती.

मला वाईट वाटलं. आढ्यतेखोर असला तरी मला तो पोरगा आवडायचा. माझी दिसेनाशी झालेली सुई तो नेहमी शोधून द्यायचा.

चहा उकळला.

गयाक्कानं मला पेल्यात दिला, श्रीरंगला पेल्यात दिला आणि स्वतः करवंटीत घेतला.

करवंटी बघितली, की श्रीरंग दुसरीकडं बघायचा. महिनाभर बघत होता. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

गयाक्काचा एक कप होता. चिनी मातीचा, पांढरा, निळ्या काठाचा. वीस वर्षांपूर्वीच्या पुरानंतर चिखलात सापडलेला. त्याचा कान तेव्हाच तुटलेला होता. नदीनं दिलेली प्रत्येक वस्तू ती फळीवर लावायची, हा कप मात्र लावला नाही. “त्यात चा ऱ्हातोय,” म्हणायची. वीस वर्षं तिनं चहा त्याच कपातून घेतला.

महिन्यापूर्वी एका सकाळी कप फुटला. मांजरानं मांडणीवरून पाडला, असं श्रीरंग म्हणाला. तुकडे पायात जातील म्हणून लगेच नदीत टाकून आलो, असंही म्हणाला. गयाक्का मांजरावर इतकी संतापली, की दोन दिवस तिनं त्याला दूध दिलं नाही. मांजर दारात बसून ओरडायचं. श्रीरंग तेव्हा खोपीत थांबायचा नाही, काठावर जाऊन बसायचा.

मग त्यानं तालुक्याला जाऊन एक भारी कप आणला. त्यावर फुलं होती, कान धड होता. गयाक्कानं तो हातात घेऊन फिरवला, छान हाय म्हणाली आणि त्यात ब्रश ठेवले.

“त्यात चहा घ्या की, अक्का.”

“घेऊन बगितला, रं. माझं व्हटच ऐकंनात.”

तेव्हापासून करवंटी.

चहा संपायच्या आत गयाक्का उठली. करवंटी हातात तशीच धरून चित्रापाशी आली आणि खाली बसली.

“काढ कापड.”

श्रीरंगनं धोतर ओढलं.

खरं सांगते, मी खळ ढवळायची विसरले. फळीभर पुराचं पाणी होतं. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या खळीत बुडवून, पिळून, वाळवून त्यानं त्या पाण्याला ताण आणला होता. वर पत्र्याचं आभाळ. मधे पाण्यात वाकलेली एक फांदी आणि फांदीवर खंड्या पक्षी. एवढ्या गढूळ पसाऱ्यात त्या खंड्याचा पंख निळा लखलखत होता. नजर तिथून हलेना.

गयाक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती चित्र हातानं बघायची.

“ह्यो पत्रा गिरनीवरचा.”

“हो.”

“ही पट्टी बाईंच्या लुगड्याची.”

माझ्याच. भाऊबीजेचं होतं ते. विरलं तेव्हा मीच त्याला दिलं होतं.

“पानी चांगलं वडलंयस. हितं भवरा हाय न्हवं?”

“हो, अक्का.” श्रीरंगचा आवाज बारीक झाला होता.

बोटं फांदीवर चढली. फांदीवरून पक्ष्याच्या पायाशी आली. चोचीवर गेली. तिथून पंखावर.

आणि थांबली.

पुन्हा चोचीवर गेली. पुन्हा पंखावर आली. पंखाची पाठ म्हणजे एक गुळगुळीत, जरा जाडसर, वाकलेली कड होती. बोट त्या कडेवरून एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं…

मग गयाक्का पुढं वाकली. तिनं त्या निळ्या कडेला खालचा ओठ लावला. कपाला लावतात तसा.

तशीच राहिली.

माझी खळ तळाला लागत होती, तिचा वास सुटला होता, पण मला उठवेना.

गयाक्का मागं सरली. पदरानं ओठ पुसले.

“गार झालाय,” ती म्हणाली.

श्रीरंग एकदम खाली बसला.

“अक्का… मांजरानं नाही पाडला.”

“मांजराला ठावं हाय त्ये.”

“मी फोडला. दगड मारून.”

“हं.”

“कान तुटका होता, अक्का. मला वाटलं, मोडलेलाच तर आहे. नदीतूनच आलेला आहे. मी नियम मोडला नाही असं मला… मी स्वतःला तसं सांगितलं.”

“चा सांडत हुता का त्यातनं?”

“नाही.”

“मग?”

तो भरभर बोलायला लागला.

“वर्षभर निळा शोधत होतो मी. नीळ लावली, उन्हानं उडाली. प्लॅस्टिक लावलं, ते गढूळ पाण्यात भडक ओरडतं. काच लावली, तिच्यात आभाळ दिसतं, पक्षी दिसत नाही. आणि रोज सकाळी तुमच्या हातात हा निळा… रोज समोर. मला झोप यायची नाही, अक्का.”

गयाक्कानं पुन्हा पंखावर बोट ठेवलं. या वेळी नुसतंच, हलक्या हातानं.

“लई ग्वाड झालाय खंड्या,” ती म्हणाली. “आत्ता सूर मारंल बग.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर तो टिकला असता. हे ऐकून तो रडायला लागला. एवढा मोठा घोडा, सुवर्णपदकवाला, गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी खळीचं भांडं उतरवायला गेले आणि हात भाजून घेतला.

तेवढ्यात दारात मांजर आलं. गयाक्का उठली. दुधाचं पातेलं घेतलं, वाटीत दूध ओतलं, आणखी ओतलं, वाटी मांजरापुढं ठेवली.

“चुकलं गं माझं, बाई,” ती मांजराला म्हणाली. “दोन दीस उपाशी ठिवलं तुला.”

श्रीरंगनं मान वर करून ते पाहिलं. माफी मागायची होती त्यानं, मागत होती ती. त्याला ते सहन झालं नाही. तो उठला, कोपऱ्यातली पटाशी उचलली आणि चित्रापाशी गेला. पंखाच्या कडेखाली त्यानं पटाशीचं टोक घातलं.

“काय करतुयास?”

“काढतो. तुमचा आहे. नको मला प्रदर्शन आणि काही नको.”

गयाक्काच्या सत्तर वर्षांच्या हातात अजून वल्ह्याचं बळ होतं. तिनं त्याचं मनगट धरलं. पटाशी हलेना.

“रंगा…”

“सोडा, अक्का.”

“धड हाय त्ये मोडायचं न्हाई.”

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग चित्राकडं बघितलं. पटाशी त्याच्या हातातून गळाली. मी ती पायानं लांब सरकवली, म्हटलं उगाच पुन्हा वेड लागायचं.

पुलावर जीपचा हॉर्न वाजला.

“बाई, गेरू द्या,” गयाक्का म्हणाली.

मी वाटी पुढं केली. तिनं अंगठा बुडवला.

“नको!” श्रीरंग म्हणाला. तीन वर्षं ज्यासाठी तो इथं राहिला होता, ते समोर आलं आणि तो नको म्हणत होता. “मला नको हा अंगठा. मी त्या लायकीचा नाही.”

“तुला कुटं देतीया? फळीला देतीया.”

तिनं चित्र जरासं पुढं ओढलं, हात मागं घातला आणि फळीच्या पाठीवर अंगठा दाबून धरला.

चित्रदालनाची दोन माणसं उतार उतरून आली. त्यांनी चित्र पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं. एकानं पाठीवरचा ओला अंगठा बघून खिशातला रुमाल काढला आणि आपलंच कपाळ पुसलं. मग दोघांनी मिळून फळी गोधडीत गुंडाळली.

“आणि चित्रकार? त्यांना आमच्याबरोबर यायचं होतं ना?”

श्रीरंग दारामागं उभा होता. नाक लाल, केस विस्कटलेले. खुंटीवर झब्बा होता.

“त्यो कामात हाय,” गयाक्का म्हणाली.

“उद्या उद्घाटन आहे, मावशी. लोक त्यांनाच विचारतील.”

“फळी सांगंल की.”

ते गेले. जीप पुलावरून दिसेनाशी होईपर्यंत श्रीरंग बघत राहिला. मग त्याचा पाय उतरंडीमागच्या आपल्या पिशवीकडं वळला, बहुधा ती भरायला.

“फळीला जाऊ दे,” गयाक्का म्हणाली. “तू बस.”

तो बसला. थोड्या वेळानं उठला, उतरंडीमागं हात घातला आणि एक फडकं काढून तिच्यापुढं उलगडलं. आत कपाचे बाकीचे तुकडे होते. नदीत टाकले म्हणाला होता ते सगळे, अगदी बारीक टवकेसुद्धा. आमच्यापैकी कुणाच्याच हातून काही टाकवत नाही, हा आम्हा सगळ्यांचा रोग आहे.

गयाक्कानं ते सुपात पसरले आणि बोटांनी चाचपले.

“हे आता कोणत्या चित्रात घालू?” श्रीरंगनं विचारलं.

“चित्रात कशापायी?” ती म्हणाली. “कप कर.”

कप करायला त्याला नऊ दिवस लागले.

इतकी वर्षं शिकत असून त्यानं कधी “कसं?” असं विचारलं नव्हतं. आता विचारू लागला. खळ चालणार नाही, गरम चहात विरघळेल. मग काय चालेल? गयाक्कानं सांगितलं, अंड्यातलं पांढरं आणि कळीचा चुना, जेवढा लागेल तेवढाच, आणि कालवला की लगेच लावायचा. पहिल्या दिवशी त्यानं काठापासून जोडायला घेतलं. तळाशी आल्यावर शेवटचा तुकडा बसेना. दुसऱ्या दिवशी, जोड पुरते वाळायच्या आत, सगळं गरम पाण्यात घालून, सोडवून, खरवडून तळापासून घेतलं. बोटांना चुना लागून सालं निघाली. मी खोबरेल दिलं, तर नको म्हणाला, तुकडे निसटतील.

मधेच एकदा माझ्या फोनवर मुंबईहून निरोप आला. चित्र समोरच्या भिंतीवर लावलंय, लोक खिळून उभे राहतात आणि एकच विचारतात, तो निळा कुठून आणला?

मी फोनवर हात ठेवून श्रीरंगला विचारलं.

“सांगा त्यांना, चोरलाय,” तो म्हणाला. त्याचं लक्ष तुकड्यात होतं.

मी तसं काही सांगितलं नाही. नदीकडचा आहे, म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

दहाव्या सकाळी कप उभा राहिला. सगळीकडून चुन्याच्या पांढऱ्या रेघा. कान तर नव्हताच. आणि काठावर एका जागी, जिथला तुकडा खंड्याच्या पंखावर बसून मुंबईला गेला होता, तिथं दोन बोटं रुंद खाच. श्रीरंगनं ती खाच भरायला लगदा करून पाहिला होता, शिंपला घासून पाहिला होता. प्रत्येक वेळी गयाक्कानं बोट फिरवलं आणि मान हलवली.

त्या दिवशी चहा त्यानंच केला. मला पेल्यात दिला. मग तो कप गयाक्कापुढं ठेवून त्यात ओतायला लागला. नेहमीच्या सवयीनं त्यानं काठापर्यंत भरला, आणि चहा खाचेतून वाहून गयाक्काच्या लुगड्यावर सांडला.

“अरे देवा…” त्यानं किटली खाली ठेवली. “बघितलंत? हा गळणारच. आता काही केलं तरी गळणार, अक्का. तो तुकडा गेला तो गेला. ही खाच कायमची राहणार.”

त्याचे डोळे पुन्हा भरले होते.

गयाक्कानं लुगडं झटकलं. कप दोन्ही हातांत घेऊन हळूहळू फिरवला. अंगठ्यानं खाच चाचपली आणि ती आपल्यापासून लांब वळवली. मग निळ्या काठाला ओठ लावून एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला.

कप खाली ठेवला आणि त्याच्याकडं सरकवला.

“मग तेवढा कमी वत, रंगा.”